यात गोम काय?

बेंगळुरूच्या इतिहासात मराठी माणसाच्या नावावर एक सौदा आहे, आणि तो छाती फुगवून सांगावा असा नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे शहर पुढे व्यंकोजीराजांकडे आलं. तंजावरात बसून ते सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकायला काढलं. भाव तीन लाख रुपये. सौदा पुरा व्हायच्या आतच, १६८७ मध्ये, मुघलांचा सरदार कासिमखान येऊन शहरात बसला आणि म्हैसूरला ते शेवटी मुघलांकडून घ्यावं लागलं. आज यशवंतपुरात दोन बेडरूमचं बऱ्यापैकी घर भाड्याने घ्यायचं म्हटलं, तर घरमालक डिपॉझिट म्हणून तीनेक लाख रुपये मागतो. परत देताना त्यातून रंगकामाचे पैसे कापतो, ती गोष्ट निराळी.

माझे थोरले दीर कोल्हापूरहून आमच्याकडे आले की हा इतिहास मला नव्याने ऐकावा लागतो. तात्पर्यासकट. "या गावात स्वस्त दिसलं की आपल्या माणसाने आधी थांबायचं. गोम शोधायची. गोम सापडली तरच खिशात हात घालायचा." भाऊजी एस.टी.च्या हिशेब शाखेतून निवृत्त झाले. सारी नोकरी दुसऱ्याच्या आकडेमोडीतल्या चुका काढण्यात गेली आणि आता पेन्शनमध्ये हे काम ते विनामोबदला करतात. त्यामुळे जवळच्या पंचतारांकित हॉटेलात दुपारचं तीन पदार्थांचं जेवण ९९९ रुपयांत मिळतं, असं मी चहाच्या वेळी सहज बोलून गेले, तेव्हा त्यांनी कप बशीत ठेवला. चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"नऊशे नव्व्याण्णव? आणि रात्री?"

"रात्री तेवढ्यात नुसती डाळ आणि दोन रोट्या येतील."

"मग काय तरी गोम असणार बघ."

यशवंतपूर हे नाव ऐकून महाराष्ट्रातल्या माणसाला वाटतं, कराडच्या आसपासचं गाव असेल. एक साखर कारखाना असेल, चौकात यशवंतरावांचा पुतळा असेल. प्रत्यक्षात हे बेंगळुरूचं वायव्येकडचं एक दार आहे. एका अंगाला रेल्वे स्टेशन, जिथून पंढरपूरलाही गाडी सुटते. दुसऱ्या अंगाला बाजार समितीचं भलंमोठं यार्ड, जिथे नाशिक-नगरकडचा कांदा ट्रकच्या ट्रक उतरतो आणि हमालांच्या आरोळ्यांत एखादी अस्सल नगरी शिवीही कानावर पडते. पलीकडे टाटा इन्स्टिट्यूट. पाटीवर भारतीय विज्ञान संस्था असलं, तरी रिक्षावाल्याला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणावं लागतं. मेट्रोने एक स्टेशन पुढे गेलात तर त्या स्टेशनाचं नावच चंदनी साबणाच्या कारखान्यावरून ठेवलेलं. कांदा, रेल्वे, विज्ञान आणि चंदन यांच्या या गर्दीत गेल्या पंधरा वर्षांत काचेच्या भिंतींची हॉटेलं उगवली. त्यातल्याच एकात आम्ही गेलो. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी मलाच टेबल मिळायचं नाही.

तेच जेवण दुपारी निम्म्या किमतीत का देतात, यात तसं गुपित काही नाही. आचारी सकाळपासून कामावर असतोच. काळी डाळ रात्रभर मंद आचेवर असतेच. एसी चालू, पगार चालू, झुंबराचे दिवे चालू. फक्त खुर्च्या रिकाम्या. रात्रीचं गिऱ्हाईक तीन तास बसतं, आणि हॉटेलची खरी कमाई ताटापेक्षा पेल्यात असते. दुपारचं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत येतं, पेल्याला शिवत नाही आणि तासाभरात ऑफिसला पळतं. त्याला ठरलेले तीन पदार्थ द्यायचे म्हटले की स्वयंपाकघराला नेमकं किती कापायचं, किती भिजवायचं हे कळतं आणि वाया जाणारं कमी होतं. न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांनी ही युक्ती १९९२ मध्ये गाजवली. त्या उन्हाळ्यात तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं मोठं अधिवेशन होतं, तेव्हा बड्या बड्या रेस्टॉरंटांनी दुपारच्या ठरावीक जेवणाचा भाव ठेवला १९ डॉलर ९२ सेंट. जे साल, तोच भाव. तिथून 'रेस्टॉरंट वीक' ही कल्पना जगभर फिरली आणि २०१० मध्ये मुंबईला पोचली. पुढे मोबाइलवरची ॲपं आली. एका थाळीवर एक थाळी फुकट, दोन पेल्यांवर दोन पेले फुकट, असं सुरू झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये हॉटेलवाले एवढे वैतागले, की शेकडो हॉटेलांनी मिळून त्या सवलतींतून अंग काढून घेतलं. थोडक्यात, आपल्याला अधूनमधून स्वस्तात झुंबराखाली बसवावं लागतं हे त्यांना मान्य आहे. किती स्वस्तात, एवढाच वाद आहे.

हे सगळं मी भाऊजींना समजावलं. त्यांनी ते एका वाक्यात आटोपलं. "म्हणजे रिकामी गाडी आगारात आणण्यापेक्षा अर्ध्या तिकिटाचं पॅसेंजर बरं." मग जरा थांबून म्हणाले, "पण अर्ध्या तिकिटाच्या पॅसेंजरला हे पूर्ण सीट देतात का, बघायला पाहिजे."

अर्धं तिकीट हा त्यांचा दुखरा विषय आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.त बायकांना निम्मं भाडं झालं. तेव्हापासून जाऊबाई कोल्हापूरहून मिरजेला निम्म्या पैशात येतात, आणि शेजारच्या सीटवर भाऊजी पूर्ण तिकीट काढून बसतात. मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडेपर्यंत ते त्या योजनेतली गोम शोधत असतात. अजून सापडलेली नाही.

गोम शोधायला का होईना, भाऊजी यायला तयार झाले. मग वार ठरवायचा प्रश्न आला. हॉटेलची अट साधी होती: सोमवार ते शुक्रवार. पण आमच्या घरातल्या देवांच्याही अटी आहेत. सोमवारी भाऊजी शंकराचं करतात. मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊबाई अंबाबाईचं करतात. गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी सामिष चालत नाही. आणि सामिष-निरामिष दोन्हींचा भाव एकच असल्याने निरामिष खाणं म्हणजे उघड उघड नुकसान. "पनीर खाणारा माणूस तिथे कोंबडी खाणाऱ्याचं बिल भरतोय," भाऊजींनी स्वच्छ सांगितलं. राहिला बुधवार. बुधवार कुठल्या देवाचा नाही असं नाही, पण आमच्या घराने त्या वाराला आजवर हात लावलेला नव्हता.

बुधवारी सकाळी घरात कोणी काही खाल्लं नाही. खरं तर ही रीत बुफेची. बुफेला पोट रिकामं ठेवून जायचं, भात टाळायचा, सॅलडकडे ढुंकून बघायचं नाही आणि पहिला मोर्चा कोळंबीकडे न्यायचा, हे आता मराठी घराघरांत मुलांना पाढ्यांबरोबर शिकवतात. पण इथे ताट ठरलेलं, वाढप मोजकं. इथे उपाशी राहून वसुली वाढत नाही. हे माझ्या नवऱ्याने समजावून सांगितलं. भाऊजी म्हणाले, "असू दे. भुकेल्या माणसाला गोम लवकर दिसते."

नंतर कपडे. जाऊबाईंनी मोरपंखी काठपदर काढला, भाऊजींनी मुलीच्या लग्नातला सफारी. मी पण काही कमी केलं नाही. हॉटेलात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं, की ९९९चं जेवण जेवायला कोण आलंय हे नुसतं बघून ओळखता येतं: तिथले सगळ्यांत चांगल्या कपड्यातले तेच. पूर्ण भावाने जेवणारे वरच्या खोल्यांतून अर्ध्या चड्डीत आणि स्लीपर घालून उतरले होते. एकाचे तर केस ओले होते. श्रीमंती म्हणजे चांगले कपडे घालता येणं, हा समज जुना झालाय. आता न घालता येणं.

दारातल्या मुलीने नमस्कार केला आणि आमच्यासाठी खुर्च्या मागे ओढल्या. जाऊबाई बसायला वाकल्या, तेवढ्यात खुर्ची मागे सरकली म्हणून दचकून उभ्या राहिल्या. मुलगी खुर्ची पुढे आणेपर्यंत परत वाकल्या. दोघींचा ताल जमायला थोडा वेळ गेला. मग कातडी बांधणीचं जाडजूड मेनूकार्ड आलं. ते चाळताना भाऊजींच्या चेहऱ्यावर ज्ञानेश्वरी उघडल्यासारखा गंभीर भाव होता. त्यात ९९९ कुठेच नव्हते.

इथे कसोटी लागते. स्वस्त जेवणाचा कागद वेगळा असतो, एकच पान, आणि तो आपण मागावा लागतो. मागायचा कसा? "तो स्वस्तातला आहे ना, तो द्या" असं म्हणता येत नाही. माझ्या नवऱ्याने आयुष्यात अनेक अवघड सभा मारून नेल्या आहेत, पण त्या क्षणी त्याने नॅपकिनची घडी उलगडण्यात फार लक्ष घातलं. आपसात ठरवायचं तर मराठीत कुजबुजणं बेंगळुरूत सुरक्षित नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरची पोरं या शहरातल्या अर्ध्या हॉटेलांत काम करतात आणि चेहरा जराही न हलवता सगळं ऐकतात. शेवटी मीच म्हणाले, "लंच मेनू?" वेटर म्हणाला, "ऑफ कोर्स, मॅम," आणि तो कागद त्याने बगलेतल्या फोल्डरमधून काढला. म्हणजे तो मघापासून त्याच्याजवळच होता. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. पहिली नोंद झाली.

"स्टिल ऑर स्पार्कलिंग?" वेटरने विचारलं.

या प्रश्नाची तयारी आम्ही घरून करून गेलो होतो. बाटलीवर छापलेल्या भावापेक्षा जास्त पैसे हॉटेल घेऊ शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. टेबल, खुर्ची, वातावरण यांसकट पाणी पाजणं ही दुकानातली साधी विक्री नव्हे, असा त्यातला विचार. भाऊजींना हा निकाल तोंडपाठ आहे. "यातच असणार," असं त्यांनी आदल्या रात्री जाहीर केलं होतं. जेवण स्वस्त, पाण्यात वसुली.

"कावेरी आहे का?" भाऊजींनी विचारलं.

वेटर क्षणभर गोंधळला. बेंगळुरूत घर भाड्याने देताना जाहिरातीत 'कावेरीचं पाणी' असं आवर्जून लिहितात. बोअरचं असेल तर भाडं उतरतं. पण हॉटेलात हा प्रश्न त्याला प्रथमच आला असावा. "फिल्टर्ड वॉटर आहे, सर. त्याचे पैसे नाहीत."

"पैसे नाहीत?" भाऊजींचा आवाज पडला. ज्या पाण्यासाठी दोन राज्यं शंभराहून जास्त वर्षं भांडतायत, ते त्यांच्यापुढे उंच पेल्यात फुकट ओतलं गेलं आणि वर लिंबाची चकती.

पाठोपाठ न मागवलेलं काहीतरी आलं. चार मोठ्या पांढऱ्या बशा, प्रत्येकीच्या मधोमध बोराएवढा एक गोळा, त्यावर हिरवा थेंब. "कॉम्प्लिमेंट्स ऑफ द शेफ," वेटर म्हणाला. भाऊजींनी बशी बोटाने दूर सारली. "हे मागवलं कोणी?" नवऱ्याने सांगितलं, की ही शेफची भेट आहे. "बिल बघून ठरवू, भेट आहे का ते." जाऊबाईंनी तोवर गोळा तोंडात टाकला होता आणि त्या म्हणाल्या, "दहीवडाच की हा. लहानपणचा." भाऊजींनी आपला गोळा बिल येईपर्यंत राखून ठेवायचा विचार केला, पण वेटर बशी उचलायला आला, तेव्हा पुरावा खाऊन टाकला.

पहिला पदार्थ आला तो त्यांना उमेद देणारा होता. परातीएवढी ताटली, कडेला कबाबचे दोन तुकडे आणि गुलाबी झालेल्या कांद्याच्या तीन पाकळ्या. भाऊजी प्रसन्न झाले. पोट भरत नाही ही गोम जुनी आणि खात्रीची. त्यांनी कांद्याची पाकळी काट्यावर धरून उजेडात बघितली. "यार्डातनं इथवर एक किलोमीटर आला असेल. आणि एवढ्यात किती शिकला बघ." दोनच कबाब? त्यांनी मनात पुढचं सगळं भाषण जुळवलं असणार. एक रुपयात झुणका-भाकर मिळालेल्या राज्यातला माणूस मी, तिथपासून सुरुवात. १९९५ नंतरची झुणका-भाकर केंद्रं, २६ जानेवारी २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी, आणि इथल्या इथे २०१७ च्या ऑगस्टपासून दहा रुपयांत पोटभर जेवण देणारी इंदिरा कॅन्टीनं. हे सगळे दाखले त्यांच्याकडे तयार असतात.

ते भाषण झालंच नाही, कारण नंतर जेवण आलं.

आलं म्हणजे टेबल दिसेनासं झालं. काळ्या डाळीचं तांब्याचं भांडं, मटणाचा रस्सा, भाजी, कोशिंबीर, वाफाळता भात आणि कापडात गुंडाळलेल्या रोट्यांची टोपली. टोपली संपत आली की वेटर न विचारता दुसरी ठेवायचा. डाळ सुरेख होती. आमच्याकडे डाळ म्हटलं की आमटी, आणि आमटी झाली का नाही हे कुकरच्या शिट्ट्या सांगतात. ही डाळ कुठल्या शिट्टीच्या भाषेतली नव्हती. जाऊबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. त्यांच्या कपाटात कमला सोहोनींची 'आहारगाथा' आहे आणि डाळीविषयी बोलायचं तर त्या तिच्याच आधाराने बोलतात. "ती बाई इथलीच ना?" त्यांनी विचारलं. इथली म्हणजे शिकायला इथली. १९३३ मध्ये मुंबईची पदवी घेऊन कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, या हाकेच्या अंतरावरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मुलींना घेत नाही म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून का होईना, रामन यांना त्यांना आत घ्यावं लागलं. त्यांनी आत जाऊन अभ्यास केला तो दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा. जाऊबाईंनी ही हकिगत पूर्ण ऐकली, मान हलवली आणि म्हणाल्या, "मग घे की अजून थोडी. तिच्या नावाने."

मधूनमधून एकजण येऊन "एव्हरीथिंग ऑल राइट?" असं विचारून जात होता, आणि भाऊजींना तो शिष्टाचार वाटतच नव्हता. त्यांना ती तपासणी वाटे. प्रत्येक वेळी ते घास बाजूला ठेवून सविस्तर उत्तर देत: डाळ उत्तम, भातात मीठ एक चिमूट कमी, पंख्याखाली जागा असती तर बरं. पंखा तिथे नव्हताच. या शहरात दर्शिनी नावाची उभ्याने खायची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, पहिली १९८३ मध्ये जयनगरला निघाली; तिथे डोसा घ्या, उंच टेबलावर ठेवा, खा, चालू पडा. सगळं ठीक आहे का, असं तिथे कोणी विचारत नाही, कारण ठीक नसेल तर गिऱ्हाईक आपणहून सांगतं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

भाऊजी मात्र आता गप्प गप्प होते. पोट भरलं होतं. तक्रारीला जागा उरली नव्हती. त्यांनी एकदा पट्टा सैल केला आणि जणू कोणी फसवलंय अशा नजरेने रोट्यांच्या टोपलीकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. म्हणून मी त्यांना मावळ्ळी टिफिन रूम्सची गोष्ट सांगितली. स्वस्ताईची गोम त्यांच्या आवडीच्या बाजूने निघते अशी तेवढी एकच मला ठाऊक होती. आणीबाणीत सरकारने हॉटेलांतल्या पदार्थांचे भाव बांधून दिले. साजूक तुपाशी तडजोड करायची नाही हा त्या हॉटेलचा बाणा. त्या भावात रोजचा तोटा होऊ लागला, आणि हॉटेल काही काळ बंद ठेवावं लागलं. माणसांना काम हवं म्हणून त्यांनी तयार पिठं पाकिटांत भरून विकायला काढली. आज आपल्या फडताळात रवा इडलीचं पाकीट असतं ते त्या स्वस्ताईमुळे.

"म्हणजे स्वस्त केलं की हॉटेलवाला बुडतो," भाऊजी जरा खुलले. "मग हे कसे बुडत नाहीत?" आणि पुन्हा आढ्याकडे बघत विचारात पडले.

गोड यायच्या आधी जे घडलं ते मला फार आवडलं. वेटरने खिशातून वितीएवढी एक वाकडी स्टीलची पट्टी काढली आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवरून ती हलक्या हाताने ओढत रोटीचे कण बशीत गोळा करायला लागला. नवऱ्याच्या पुढचे झाले, माझ्या पुढचे झाले. जाऊबाईंच्या लक्षात आलं, की आता आपली पाळी. परक्या माणसाने आपलं सांडलेलं गोळा करायचं ही कल्पनाच त्यांना सोसवेना. त्यांनी झटकन डावा हात टेबलाच्या कडेला लावला आणि उजव्या हाताने कण ओढायला सुरुवात केली. वेटरची पट्टी उजवीकडून आली, जाऊबाईंचा तळवा डावीकडून. मधल्या वीतभर कापडावर दोघं क्षणभर थांबली. तो म्हणाला, "प्लीज, मॅम." त्या म्हणाल्या, "राहू दे रे बाळा." शेवटी अर्धे कण त्याच्या बशीत आणि अर्धे त्यांच्या मुठीत गेले. फिरनी संपेपर्यंत ती मूठ त्यांनी उघडली नाही, कारण ते टाकायचे कुठे हे कळेना. फिरनी मातीच्या लहान कुंडीत होती. कुंडी रिकामी झाल्यावर ती त्यांनी उलटी करून बघितली आणि मला विचारलं, "ही परत घेतात का गं?" मी वेटरला विचारलं. तो चारही कुंड्या धुऊन कागदात गुंडाळून घेऊन आला. त्यातल्या दोन आता कोल्हापुरात देवापुढे हळदीकुंकवाच्या झाल्या आहेत.

आणि मग बिल आलं. भाऊजींनी ते नवऱ्याच्या हातापर्यंत पोचूच दिलं नाही. पेन काढलं. चार जेवणं, ३,९९६. शेफची भेट: शून्य. पाणी: शून्य. केंद्राचा जीएसटी नऊ टक्के, ३५९ रुपये ६४ पैसे. राज्याचा जीएसटी नऊ टक्के, ३५९ रुपये ६४ पैसे. एकूण ४,७१५ रुपये २८ पैसे. बेरीज त्यांनी खालून वर केली, मग वरून खाली केली. बरोबर होती.

"अठरा टक्के?" त्यांचे डोळे लकाकले. "हॉटेलात पाच टक्के असतो."

नवऱ्याने खुलासा केला. साध्या उपाहारगृहात पाच टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या जेवणालाही अठरा टक्के लागतात. नियमच आहे तसा, आणि 'अधिक कर' हे त्या कागदावर छापलेलंही होतं.

भाऊजींनी छताकडे बोट केलं. "म्हणजे वर कोण तरी साडेसात हजाराच्या खोलीत झोपलंय, म्हणून माझ्या डाळीला अठरा टक्के?"

"हो."

"मी त्याच्या खोलीत गेलो नाही, तो माझ्या डाळीत आला नाही."

"नाही."

"वरचे तेरा टक्के म्हणजे पाचशे एकोणीस रुपये अठ्ठेचाळीस पैसे. ते त्याच्याकडून घ्यायला पाहिजेत." त्यांनी त्या माणसाचा खोली क्रमांक विचारायचं कसंबसं टाळलं. पण ही गोम हॉटेलची नव्हती, सरकारची होती, आणि सरकारी गोम शोधून भाऊजींना आनंद होत नाही. त्यांनी आयुष्यभर तीच कोळून प्यायली आहे. शिवाय दुसरं एक शल्य होतं. कोल्हापूरच्या माणसाने, सीमाभागासाठी मोर्चात घोषणा दिलेल्या माणसाने, कर्नाटक सरकारला ३५९ रुपये ६४ पैसे स्वखुशीने द्यायचे. "बेळगाव राहिलं बाजूला," ते पुटपुटले.

अजून एक आशा होती: सर्व्हिस चार्ज. ग्राहकांच्या मर्जीशिवाय बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. भाऊजींनी त्या बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलेलं होतं. घडी घातलेलं. ते बाहेर काढून टेबलावर ठेवायचं, बोट ठेवून वाचून दाखवायचं, असा सगळा बेत होता. त्यांनी बिल उलटं करून मागची बाजू बघितली. सेवाशुल्क नव्हतं. पुन्हा पुढची बाजू बघितली. नव्हतंच. कात्रण त्यांनी परत घडी करून ठेवलं आणि निमूटपणे बिलाच्या पाकिटात पाचशेची नोट बक्षीस म्हणून सरकवली. इतकी मोठी नोट त्यांनी आजवर बक्षीस म्हणून कुठेही ठेवलेली नसणार. हरल्यावर माणूस उदार होतो तो असा.

आम्ही उठतच होतो, एवढ्यात दारातली ती मुलगी एक कार्ड आणि पेन घेऊन आली. "आपला मोबाइल नंबर, वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस लिहाल का, सर? पुढच्या ऑफर्स कळवू."

भाऊजींच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं, की त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही मी ते पाहिलेलं नव्हतं. ते परत खुर्चीवर बसले. "सापडली," ते हळूच मला म्हणाले. "नंबर पाहिजे होता त्यांना. एवढं सगळं त्या नंबरासाठी." त्यांनी कार्ड पुढे ओढलं, सावकाश, सुवाच्य अक्षरात भरलं, नंबराच्या जागी माझा नंबर लिहिला आणि मग सही करून तारीख टाकली. सही कोणी मागितली नव्हती.

"भाऊजी, माझा नंबर का दिला?"

"आपला कसा देणार? ते विकतात पुढे."

"आणि तारखा कुणाच्या?"

"तारखा आमच्या. खोटं कशाला लिहायचं?"

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी मला कुठला ना कुठला निरोप येतो: कबाबांचा पंधरवडा, आंब्याचा महोत्सव, दोघांच्या जेवणावर तिसरा मोफत. आणि मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, ते हॉटेल माझं आणि माझ्या नवऱ्याचं कोल्हापूरच्या मुहूर्तावर अभिनंदन करतं, सोबत अर्धा किलोचा केक फुकट, बिल तीन हजारांच्या वर गेल्यास. यंदा नवरा तो निरोप बघून म्हणाला, "आपल्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात आहे ना गं?" मी म्हटलं, डिसेंबरात कोणी केक देत नाही, काढ गाडी.